कृपया शब्द सुचवू नयेत

हॉस्पिटलच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, बैठकीला आपल्या फानाऊला जरूर घेऊन या. फानाऊ म्हणजे माओरी भाषेत कुटुंब, पण आपल्या 'घरची मंडळी'सारखं सैल. त्यात कोण येतं यापेक्षा कोण येत नाही हे सांगणं अवघड. माझा मेहुणा लहू मूळचा नांदेडचा, आणि आता न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनमध्ये आयटीतला प्रोजेक्ट मॅनेजर. त्यामुळे त्याने खात्री करून घ्यायला फोन केला, "साधारण किती जण आणले तर चालतील?" पलीकडे मेरे नावाच्या बाई होत्या. हॉस्पिटल आणि पेशंटच्या घरचे यांच्यात बोलणं घडवून आणणं हे त्यांचं काम. स्वतः माओरी. त्यांनी अगदी मनापासून सांगितलं, "तुम्हाला हवे तेवढे आणा."

मराठी माणसासमोर हे वाक्य उच्चारू नये. पण बाईंचा आमच्याशी पूर्वी संबंध आलेला नव्हता.

बैठक माझ्या धाकट्या बहिणीसाठी, म्हणजे लहूच्या बायकोसाठी होती. हॉस्पिटल नंदाची माफी मागणार होतं.

नंदा हॅमिल्टनच्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनियर. तिचं काम अलार्मचं. अशा कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये शेकडो अलार्म असतात. त्यातला कुठला वाजावा, कधी वाजावा, केवढ्याने वाजावा आणि तो वाजल्यावर खुर्चीतून कोणी उठावं, हे नंदा ठरवायची. थोडक्यात, लोकांना स्वस्थ बसू न देणं हा तिचा व्यवसाय होता, आणि त्याचे तिला पैसे मिळायचे. नव्या ऑपरेटरांना ती एकच नियम शिकवायची: आवाज बंद करायचं बटण ज्याने दाबलं, त्याने उठून बघायला जायचं. बटण दाबणं म्हणजे उत्तर देणं नव्हे. हा नियम ती इतक्या वेळा सांगायची की तिथले दांडगे कीवी गडी तिला वचकून असत. रग्बी खेळून आलेले, पण नंदा दारात दिसली की खुर्चीतून उठलेले.

मग तिचं पित्ताशय काढायचं ठरलं.

ऑपरेशन उत्तम झालं. हे आम्हाला इतक्यांदा सांगण्यात आलं आहे की मला ते आता तोंडपाठ आहे. ऑपरेशननंतर शुद्धीवर आणायच्या खोलीत वेदनाशामक औषध जरा सढळ हाताने दिलं गेलं आणि नंदाचा श्वास मंदावत गेला. बोटाला लावलेल्या चिमट्याने रक्तातला ऑक्सिजन उतरतोय हे ओळखलं आणि यंत्राने अलार्म वाजवला. यंत्राने आपलं काम चोख केलं. कोणीतरी बटण दाबून तो बंद केला आणि बघायला गेलं नाही. गेलं तेव्हा नंदाच्या मेंदूचा एक भाग प्राणवायूवाचून दुखावला होता.

नियतीला विनोदबुद्धी असते हे मी ऐकून होतो. ती इतक्या हलक्या दर्जाची असेल असं वाटलं नव्हतं.

चौकशी झाली, अहवाल आला. जाड, सुबक, आणि त्यात एकाही माणसाने काहीही केलेलं नव्हतं. औषध दिलं गेलं. अलार्म शांत करण्यात आला. प्रतिसादास विलंब झाला. एवढ्या मोठ्या इमारतीत सगळं आपोआप घडत होतं आणि मधोमध 'रुग्ण' नावाची एक बाई पडून होती. नंदाने तो अहवाल रोज थोडा थोडा, ओळीवर बोट ठेवून वाचला. शेवटी म्हणाली, "यात माणूस नाही." त्या दिवसांतलं तिचं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

या देशात अशा गोष्टीवर कोर्टात जाता येत नाही. उपचारांतून दुखापत झाली तर पुढची देखभाल सरकारी योजना पाहते, आणि दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून बोलायचं असतं. आमच्या नागपुरात उलट आहे. तिथे कोणी बसत नाही, आणि बोलण्याआधी काचा फुटतात. मेंदू दोन्ही पद्धतींत परत मिळत नाही, पण इथल्या पद्धतीत चहा मिळतो.

नंदाचं नेमकं काय गेलं हे कळायला आम्हाला वेळ लागला. गाडी चालवणं गेलं. कुकरच्या शिट्ट्या लक्षात राहीनात. वरणात मीठ दोनदा पडू लागलं आणि तिसऱ्या दिवशी अजिबात पडेना. शब्द मात्र गेले नव्हते. ते कपाटाच्या मागच्या फळीवर सरकल्यासारखे झाले होते. ती आत हात घालायची, चाचपायची, आणि सापडला की काढून द्यायची. सापडायचा नक्की. थांबावं लागायचं. इंग्रजी शब्द सगळ्यांत मागे गेले. मराठीतही एक गंमत झाली. पुण्यात नोकरी करताना तिने कमावलेली प्रमाण मराठी भुलीतच राहिली, आणि शुद्धीवर आली ती नागपुरातल्या इंदोऱ्याची, आमच्या आईची. 'करून राहिली', 'जाऊन राहिली', 'मधात'.

थांबायला मात्र कोणी तयार नव्हतं, कारण सगळे भले होते. या देशात भलेपणा फार. नंदा एकदा कोपऱ्यावरच्या डेअरीत ब्रेड आणायला गेली. इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात आणि डेअरीला फॅक्टरी. "मला..." एवढं ती म्हणाली आणि अडली. दुकानदाराने लगेच मदतीला धावून "दूध? अंडी? लॉटरी? फोनचं कार्ड?" अशी यादी वाचली. मागच्या रांगेतल्या बाईंनीही हातभार लावला. नंदा दूध घेऊन घरी आली. जन्मभर दुधात काढलेली बाई नको असलेलं दूध घेऊन आली, कारण नाही नाही म्हणून ती दमली होती.

त्या दुकानदाराला पुरून उरेल असा माणूस घरात होता. लहूचं नंदावर अतोनात प्रेम आहे, आणि प्रोजेक्ट मॅनेजरला काहीही अर्धवट राहिलेलं बघवत नाही. ती "मला जरा..." म्हणाली की हा "पाणी? शाल? गोळी? पडतेस का?" अशा पर्यायांसकट हजर. मी दर शनिवारी ऑकलंडच्या माउंट रॉस्किलहून गाडी घेऊन त्यांच्याकडे जातो. एका शनिवारी नंदा शाल पांघरून, पाणी पिऊन, गोळी घेऊन पलंगावर आडवी झालेली आढळली. तिला म्हणायचं होतं, मला जरा अंगणात बसू दे.

त्याच दिवशी जेवताना ते झालं.

"लहू," नंदा म्हणाली, "तू..."

"जेवतोय ना. घेतली भाजी."

"नाही. तू..."

"दादांना वाढू? दादा, घ्या ना भात."

"तू बटन दाबतो."

लहूने टेबलावरच्या टीव्हीच्या रिमोटकडे पाहिलं. "कुठलं बटण?"

नंदाने ताट बाजूला सारलं. थांबली. लहूचे ओठ हलायला लागले तसा मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"मी वाजून राहिली," नंदा म्हणाली. "तू बटन दाबतो. पाहाले येत नाही."

लहू उठला आणि सिंकमधली धुतलेली भांडी पुन्हा धुऊ लागला. त्यांची मुलगी गौतमी, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, ती हळूच म्हणाली, "शी गॉट यू, डॅड."

पुढच्या शनिवारी फ्रिजवर पाटी होती. ती शेजारच्या वासंतीताईंची. ताई पुण्याच्या आहेत, आणि हॅमिल्टनला येऊन वीस वर्षं झाली तरी पाटी लावायला निमित्त मिळत नाही ही त्यांची खंत होती. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'येथे कृपया शब्द सुचवू नयेत. सुचल्यास स्वतःजवळ ठेवावेत. हुकुमावरून.' हुकूम कोणाचा, असं मी विचारलं तर नंदाने स्वतःकडे बोट दाखवलं. आजारानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

मग बैठकीचा तो ईमेल आला, आणि लहूला काम मिळालं.

त्याने स्लाइड केल्या. दोन डझन तरी असतील. घटनाक्रम लाल रंगात, परिणाम निळ्या रंगात, आमच्या अपेक्षा हिरव्या रंगात. नंदाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आलेख एका स्लाइडवर उजवीकडून हळूच सरकत आत यायचा. शेवटच्या स्लाइडवर 'धन्यवाद, काही प्रश्न?' असं होतं. मी त्याच्याकडे बघितलं तर तो म्हणाला, "टेम्पलेटमध्ये असतं ते, दादा." त्याचे डोळे सुजलेले होते, म्हणून मी ती स्लाइड तशीच राहू दिली.

नंदाने सगळ्या स्लाइड बघितल्या. "छान," म्हणाली. मग म्हणाली, "मी बोलणार."

"हो, तू पण बोल ना. स्लाइड अकरानंतर मी पॉज घेतो, तेव्हा..."

नंदाने फ्रिजकडे बोट केलं. लहूने लॅपटॉप मिटला.

"मी बोलणार. एकदा. पुरं," ती म्हणाली. "मराठीत."

"मम, दे वोन्ट अंडरस्टँड अ वर्ड."

"तेच तर," नंदा म्हणाली.

तिचा बेत तिने आम्हाला सांगितला, आणि तो सांगायला तिला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. इंग्रजीत बोलली तर सगळे मदत करणार. वाक्य तिचं, पण अर्धं त्यांचं, आणि शेवटी कागदावर येणार ते त्यांचं. मराठीत तिचा शब्द अडला तर त्या खोलीत तो दुसऱ्या कोणाला येणारच नाही. थांबण्याखेरीज त्यांना गत्यंतर नाही. वाक्य पुरं झालं की गौतमीने ते इंग्रजीत सांगायचं. लहूने आणि मी गप्प बसायचं. अलार्मची यंत्रणा आखावी तसं तिने हे आखलं होतं. दुखावलेल्या मेंदूने हे केलं, आणि आम्ही तिघे धडधाकट मेंदूचे नुसते बघत बसलो.

"स्वीट ॲज," गौतमी म्हणाली, म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'झकास'.

या बेतात एकच खोट होती, ती म्हणजे लहूने मध्यंतरी मेरेबाईंना केलेला फोन.

बैठकीच्या सकाळी आम्ही हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उतरलो तर तिथे आधीच तीन गाड्या उभ्या. हॅमिल्टनच्या मराठी मंडळाचे लोक. आठ-नऊ जण, इस्त्रीचे कपडे, गंभीर चेहरे, आणि वासंतीताईंच्या हातात भला मोठा डबा.

नंदा गाडीला टेकून उभी राहिली. "हे कायले आणले?"

"फानाऊ," लहू म्हणाला. मग त्यालाही ते उमगलं. मराठी न येणाऱ्यांच्या खोलीत बोलायचं म्हणून नंदाने मराठी निवडली होती, आणि तिला शब्द सुचवू शकतील अशी हॅमिल्टनमधली झाडून सगळी माणसं त्याने गोळा करून आणली होती.

"आम्ही एक अक्षर बोलणार नाही गं," वासंतीताई म्हणाल्या. आजवर कुठल्याही मंडळाच्या बैठकीत त्यांनी हे पाळलेलं नाही.

"ताई, डब्यात काय आहे?" मी विचारलं.

"नारळाच्या वड्या. माफी मागायला बसलेत बिचारे, रिकाम्या हातानं कसं जायचं?"

नंदाने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. परत पाठवील असं मला वाटलं. पण तिने मान ताठ केली, ओढणी सारखी केली आणि पुढे चालायला लागली. तिच्या चालीत किंचित झोक जातो आता. त्या दिवशी आम्ही सगळे तिच्या मागून त्याच गतीने चाललो. कोणी सांगितलं नव्हतं.

खोली सहा-आठ माणसांची होती. हॉस्पिटलतर्फे चौघं: गुणवत्ता विभागाच्या फिओना, अहवाल घेऊन; भूल देणारे उंच डॉक्टर; दारापाशी एक तरुण नर्स, टेस, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली; आणि मेरेबाई. आमची रांग आत येत राहिली तसा फिओनाबाईंचा चेहरा बदलत गेला. मेरेबाई मात्र अशा खुलल्या, जणू ईमेलमधला तो शब्द इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी नीट वाचला होता. व्हरांड्यातून खुर्च्या आल्या. वासंतीताईंनी डबा फिरवला. टेसने मान हलवून नको म्हटलं तर "घे गं, किती बारीक झालीयेस!" असं म्हणून तिच्या हातात दोन वड्या कोंबल्या. ताईंनी तिला आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. टेसला शब्द कळले नाहीत, पण तिचे डोळे भरून आले.

मेरेबाईंनी प्रार्थना म्हटली. मग इथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने उठून आपला डोंगर आणि आपली नदी सांगायची होती. आपण कुठून आलो हे कळल्याशिवाय काय बोलणार, असा त्यामागचा विचार. डॉक्टरांनी दक्षिण बेटावरचा बर्फाचा डोंगर सांगितला. वासंतीताईंनी पर्वती सांगितली, आणि तिच्या पायऱ्यांविषयीही थोडं सांगितलं. लहू म्हणाला, नांदेडला डोंगर नाही, पण नदी मोठी आहे.

नंदा उठली. गौतमी तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिने पिशवीतून फ्रिजवरची पाटी काढून टेबलावर उभी केली.

"माझा डोंगर सीताबर्डी," नंदा म्हणाली. "टेकडी आहे. नदी नाग." थोडी थांबली. "आता नाला आहे."

गौतमीने ते जसंच्या तसं सांगितलं. मेरेबाईंनी गंभीरपणे मान हलवली. नद्यांचं काय होतं हे त्यांना समजावून द्यावं लागलं नाही.

सगळे बसले. फिओनाबाईंनी अहवाल उघडला आणि हळू, स्पष्ट, सराव केलेल्या आवाजात सारांश वाचायला घेतला. औषध दिलं गेलं. अलार्म शांत करण्यात आला. प्रतिसादास...

नंदाने हात वर केला. शाळेत करतात तसा नाही. ट्रॅफिक थांबवायला करतात तसा.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "माझा..."

आणि अडली.

शब्द 'श्वास' होता. आम्हा सगळ्यांना माहीत होता. दहा-बारा मराठी माणसांच्या जिभेच्या टोकावर एकच शब्द येऊन उभा राहिला आणि खोलीत तो जवळजवळ दिसायला लागला. आमच्या समाजात दुसऱ्याचं वाक्य पुरं करणं हे आस्थेचं लक्षण मानतात. जो करत नाही त्याचं लक्ष नाही असं समजतात. लहूने लॅपटॉपचं झाकण दोन्ही हातांनी धरलं होतं, जणू ते उडून जाईल. वासंतीताईंनी डब्यातली एक अख्खी वडी उचलून स्वतःच्या तोंडात घातली आणि वर तळहात दाबला. मी छताकडे पाहिलं. छताला काही नव्हतं.

फिओनाबाई भल्या होत्या. त्या पुढे झुकून म्हणाल्या, "युवर..."

गौतमीने पाटी त्यांच्याकडे वळवली. त्यांनी प्रश्नार्थक पाहिलं, तेव्हा तिने शांतपणे इंग्रजीत सांगितलं: येथे कृपया शब्द सुचवू नयेत. सुचल्यास स्वतःजवळ ठेवावेत. फिओनाबाई मागे सरल्या आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर एक ट्रॉली कुरकुरत गेली. नंदा डोळे मिटून आत शोधत होती. घाई नव्हती तिला. घाई सगळी आम्हाला होती.

"...श्वास," ती म्हणाली. "माझा श्वास कमी होऊन राहिला होता. अलार्म वाजला. कोणं तरी बटन दाबलं." तिने डोळे उघडले. "कोणं?"

गौतमीने इंग्रजी केलं. शेवटचा शब्द तिने आईइतकाच हळू सांगितला.

फिओनाबाईंनी सुरुवात केली, की अहवालाचा हेतू व्यक्तींवर बोट ठेवण्याचा नसून यंत्रणेतल्या...

"मी," दाराजवळून आवाज आला. टेस उभी राहिली होती. वड्या अजून हातात तशाच. "मी दाबलं."

लहू अर्धा उठला. महिनोन्महिने त्याला ज्याच्यावर ओरडायचं होतं ते माणूस आता समोर होतं, हातात नारळाची वडी घेऊन. तो पुन्हा बसला.

"पाहाले आली होती?" नंदाने विचारलं.

टेस म्हणाली, नाही. शेजारचा पेशंट उलट्या करत होता. आणि तो चिमटा सकाळपासून सगळ्यांच्याच बोटावरून निसटत होता, अलार्म सारखाच वाजत होता, सारखाच खोटा. सगळेच दाबत होते. तिने दाबलं आणि नंतर जाते असं ठरवलं. "आय ॲम सो सॉरी," ती म्हणाली, आणि ते वाक्य कुठल्याही अहवालात बसलं नसतं इतकं वेडंवाकडं आलं.

डॉक्टरही उठले. म्हणाले, औषधाचं प्रमाण त्यांनी ठरवलं होतं, ते जास्त होतं, आणि ते त्यांनी आजवर नंदाला सांगितलं नव्हतं. चूक माझी, म्हणाले. मग फिओनाबाईंनी अहवाल मिटला आणि त्याही म्हणाल्या, आम्ही चुकलो. त्या जाड अहवालात आता निदान तीन माणसं झाली.

अशा वेळी आपण लगेच म्हणतो, जाऊ द्या हो, त्यात काय. समोरच्याला अवघडलेलं बघवत नाही आपल्याला. लहूचं तोंड उघडलं होतं, मला दिसलं. त्याने ते मिटलं.

नंदाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ऐकलं," ती म्हणाली.

एवढंच. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. गौतमीने इंग्रजीत सांगितलं, आणि त्या खोलीत कोणालाच त्याहून जास्त मागायचा धीर झाला नाही. माझ्या बहिणीचा हा एक शब्द आमच्या घराण्यातल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला भारी वाटला. आमच्या घराण्यात भाषणं पुष्कळ झाली आहेत.

मला वाटलं, झालं. पण नंदा बसली नाही. टेसकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी ओळखत नव्हतो. ते तिचे कारखान्यातले गडी ओळखत असतील.

"खोटा," ती म्हणाली. "दिवसभर खोटा वाजून राहिला. तर मग... खरा कोण ऐकन?" पुन्हा शोधलं. आम्ही थांबलो. यावेळी थांबणं थोडं सोपं गेलं. "पोरीले काढू नका. खोटा अलार्म काढा."

डॉक्टर पुढे झुकले. "कसा?" त्यांनी विचारलं. नम्रपणाने नव्हे, खरोखर माहीत नसल्यासारखं.

"सांगते," नंदा म्हणाली. "टाइम लागन."

लागला. बैठक तासाभराची होती. ती कधी उलटून गेली कळलं नाही. पुढच्या बैठकीची माणसं दार उघडून डोकावली, तेव्हा मेरेबाईंनी हसत उठून दार लावून घेतलं. नंदा एकेक वाक्य काढत होती. कुठला अलार्म मुळात वाजूच नये. कुठल्या चिमट्याला चिकटपट्टी हवी. बटण दाबलं की काही क्षणांनी तो पुन्हा का वाजला पाहिजे, आणि या वेळी मोठ्याने. टेस सगळं लिहून घेत होती. डॉक्टर मधूनच विचारत आणि मग उत्तराची वाट बघत, हात मांडीवर ठेवून, जणू या देशात सगळे आधीपासून असेच बसत आले आहेत. एका जागी नंदाला शब्द सापडेचना. तिने टेबलावर बोट टेकवून तीनदा ठोकलं, थांबली, पुन्हा तीनदा ठोकलं. टेस म्हणाली, "ओह!" तिला कळलं होतं. हा शब्द सुचवणं नव्हतं, म्हणून चाललं.

मी नंदाला तिच्या कामावर कधी पाहिलं नव्हतं. पंचवीस वर्षं ही बाई कारखान्यात काय करते असं कोणी विचारलं तर मी 'दुधाचं काहीतरी' असं सांगायचो. त्या दिवशी पाहिलं. जे शिल्लक होतं तेवढ्यावर ती खोली चालवत होती, आणि खोली चालत होती.

शेवटी ती दमली. एका वाक्याच्या मध्यावर थांबली, आणि या वेळी शोधत नव्हती. "बस," ती म्हणाली. "बाकीचं पुढच्या वेळी. मी येते तुमच्या त्या खोलीत. दाखवते." डॉक्टरांनी तारीख विचारली. फिओनाबाईंनी डायरी काढली. मेरेबाईंनी शेवटची प्रार्थना म्हटली, आणि उरलेल्या वड्या डब्यासकट तिथेच राहिल्या, कारण फिओनाबाईंनी भेटवस्तूंच्या नियमाबद्दल काहीतरी म्हणताच वासंतीताई म्हणाल्या, "नियम तुमचे, डबा माझा. डबा तेवढा धुऊन परत करा."

पार्किंगमध्ये सगळे गाड्यांपाशी उभे राहिले. कोणाला निघावंसं वाटेना. नंदा गाडीच्या दाराला टेकून उभी होती, चेहरा पांढरा पडलेला, हनुवटी वर. लहू तिच्यासमोर आला. लॅपटॉप अजून काखेत.

"नंदा," तो म्हणाला, "आज तू... मला..."

आणि अडला.

आम्ही सगळे तिथेच होतो. प्रत्येकाकडे किमान एक तरी शब्द होता. वासंतीताईंकडे तर चार-पाच असावेत. त्यांचा चेहराच सांगत होता. कोणी काही बोललं नाही.  शेवटी त्याने हार मानून गाडीची किल्ली काढली. "जाऊ दे. चल, बस गाडीत."

नंदा हलली नाही. "पुरं वाक्य," ती म्हणाली.

लहूने खाली बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. आम्ही थांबलो.

"माझी," तो म्हणाला, "एकही स्लाइड... लागली नाही."

नंदाने मान डोलावली, लॅपटॉप त्याच्या काखेतून काढून मागच्या सीटवर ठेवला, आणि पुढे जाऊन बसली.